थाळीत काय उरलं

विडी घरकुलात आमच्या दारासमोर
पुढचं चाक काढलेली हंड्रेड सीसी,
इंजिनाखाली कांड्यांचा लाकडी खोका,
हँडल एका बाजूला कललेलं,
ओशाळल्यासारखं.

बेअरिंग गेलं होतं. शौकतनं नवं ठोकून दिलं,
चाक बसवायचे वेगळे दीडशे म्हणाला.
दीडशे म्हणजे युनिटात
तीनशे टॉवेलांच्या कडा.
मी चाक मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आले.

नान्ना बाजेवर. मोतीबिंदूचा चौथा दिवस.
डोळ्यावर हिरवी झापड, वाकायचं नाही,
धूळ नको, तेलकट हात नको.
चौतीस वर्षं जॉबर होते मागावर.
धोटा उडायच्या आधी त्यांना कळायचं
कितव्या लूमचा उडणार.
आता कान तेवढे कामावर.

"टायरवरचा बाण बघ. पुढं तोंड?"
पुढं.
"एक्सल पुसलास? ग्रीस बोटभर. श्रीखंड नव्हे ते."
बोटभरच.
"शॉकअपची खुंटी ब्रेकप्लेटच्या खाचेत बसली?
बघून नको सांगू. चाचपून सांग.
नाही बसली तर ब्रेक दाबशील, प्लेटच फिरेल,
अन् तू अशोक चौकात..."
पुढचं बोलत नाहीत.
बसली, नान्ना.

चाक पायाच्या चवड्यावर तोलायचं,
एका हातानं भोकाला भोक जुळवायचं,
दुसऱ्यानं एक्सल सरकवायचा,
तिसरा हात नाही म्हणून नट दातांत.
लोखंडाची चव
सकाळी सातलाही कोमट असते सोलापुरात.

पाना लावते. कसते. चाकाला टिचकी देते.

"आगू."
बाजेवरून एवढंच.
"परत फिरव."
फिरवते.
"दोन आवाज येतायत. एकच यायला पाहिजे.
थाळीत काय उरलं?"
काही नाही. थाळी रिकामी.
"मग थाळीत काय आलंच नाही?"

पाना, वायसर, जुनी स्प्लिट पिन,
मीटरच्या केबलची टोपी...
मी बोटं मोडत बसते.
बुश. करंगळीएवढा पोलादी बुश.
काढताना दोन होते,
आत एकच गेला.

मग गटारीच्या झाकणाखाली हात,
खोक्याखाली हात, चपलांच्या ढिगात.
नान्ना गप्प. त्यांचं गप्प बसणं
पंख्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येतं.

पलीकडच्या उंबऱ्यावर भूदेवी अत्ता,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
कापलेल्या पानांची चळत
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ठेवलेलं
काहीतरी चकाकतं.
"हे व्हय? मला वाटलं टाकलंय तुम्ही.
काल केरात सापडलं. चांगलं वजन आहे की."

सगळं पुन्हा. नट दातांत, चाक चवड्यावर.
तंबाखूचा वास लागलेला बुश पुसून आत.
"पक्कं कसू नको अजून.
गाडी खोक्यावरून उतरव. ब्रेक धर.
हँडलवर दाब दे, तीनदा.
चाकाला त्याची जागा सापडू दे,
मग आवळ."

दाबते. शॉकअप खाली जातो, वर येतो,
आणि तिसऱ्यांदा कुठंतरी आत
बारीक टक्.
नान्ना मान हलवतात. मी आवळते.
नवी पिन, दोन्ही पाय वाकवून.

गल्लीत पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येते,
पहिल्या गिअरात, मग दुसऱ्या.
नळाला आज पाचव्या दिवशी पाणी,
घागरींच्या रांगेतून वाट काढत.
परत आले तर नान्ना म्हणतात,
"टाकीच्या अलीकडंच दाबलास ब्रेक. भ्यालीस?"
कुत्रं आडवं आलं, मी म्हणते.
हो, थोडी भ्याले.

अत्ता अजून पानांवर तळहात धरून.
"आता मी काय ठेवू गं यावर?"
मी तिला जुनं बेअरिंग देते.
ती ठेवते चळतीवर. तिचा नातू
लगेच बोट घालून ते गरागरा फिरवतो.

आतून, बाजेवरून, झापडेमागून:
"घासतंय."