फाऊल

झोपे आडनावाच्या माणसावर
भुसावळात कुणीही विनोद करून जातं.
तालुका क्रीडा कार्यालयातला शिपाईसुद्धा म्हणायचा,
झोपेसाहेब आले, आता झोप विसरा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
ते मैदानावर उकिडवे बसून
दोरीच्या कडेनं फक्की सांडत होते, एकटेच.
एप्रिल. दुपारचे चार. डांबर चपलेला धरत होतं.
स्पर्धेला आम्ही सातजण,
प्रेक्षक म्हणून एक आइसफ्रूटवाला,
तोही सावली शोधत आलेला.

माझी फेकायची खुर्ची त्यांनी
बशीर वेल्डरकडून उधारीवर करून घेतली होती.
चार अँगल, एक पाट, ट्रकचा जुना पट्टा,
खाली साखळ्या, साखळ्यांना खुंट्या.
मी यावलची, शरीफा तडवी.
एसटीत लोक मला पोत्यासारखं चढवायचे
आणि वर म्हणायचे, सांभाळून रे, बिचारी आहे.
साहेबांनी विचारलं, गट कोणता?
जन्मतारखेचा दाखला आणलाय? दोन प्रती?
इतकं कोरडं माझ्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

त्यांची स्वतःची स्पर्धा कागदांवर चालायची.
सदर बाबीसाठी तरतूद नाही.
तूर्तास विचाराधीन नाही.
एकदा क्रीडाकडून उत्तर आलं, अपंग समाजकल्याणकडे.
समाजकल्याणनं लिहिलं, खेळ क्रीडाकडे.
साहेबांनी दोन्ही पत्रं एकाच टाचणीत लावली,
सकाळच्या पॅसेंजरनं जळगाव गाठलं
आणि दोन्ही टेबलांसमोर बसून राहिले,
मांडीवर रेक्झिनची पिशवी,
पिशवीत पोलादी टेप आणि कळण्याची भाकरी.
असे किती सोमवार गेले ते त्यांनी मोजले नाहीत.
एरवी ते सगळं मोजायचे.

मग ते वर्ष. जिल्हा निवड. माझी शेवटची फेक.
गोळा बोटांतून सुटला तेव्हाच कळलं.
सहा मीटर तरी, वर थोडं.
या वेळी लोक होते,
केळीच्या वखारीतले हमाल, माझे मामू,
हार घालून बसलेले पाहुणे.
सगळे उठून टाळ्या वाजवत होते
आणि साहेबांच्या हातात लाल झेंडी होती.

बूड उचललं, ते म्हणाले. पाटापासून दोन बोटं.

मामू धावत आले, जाऊ द्या ना साहेब,
पायानं अधू पोर, दोन बोटांनी काय बिघडतं?
पाहुणे म्हणाले, माणुसकीच्या दृष्टीनं बघा, झोपे.
टेप गुंडाळता गुंडाळता साहेब म्हणाले,
माणुसकीचा गट नाही आज.
एफ सत्तावन्न चालू आहे.

तीन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही.
रोजा धरला तरी मनात शिव्या.
बिचारीला राग येत नसतो. मला येत होता,
दंडातून, खांद्यातून, पार कमरेपर्यंत.
रोज संध्याकाळी पाटावर बसायचे,
बुडाखाली वर्तमानपत्राचं पान.
मी फेकताना भाऊ पान ओढायचा.
पान अख्खं निघालं की मी उठले होते.
तिसऱ्या हिवाळ्यात पान फाटलं.
अर्धं त्याच्या हातात, अर्धं माझ्याखाली,
आणि गोळा बोरीच्या पलीकडे.

किती मीटर, ते नाही सांगत.
नोंदवहीत आहे, त्यांच्याच अक्षरात.

गेल्या रविवारी झेंडी माझ्या हातात होती.
अडावदचा एक पोरगा, खांदे असे की बघत राहावं,
फेकला त्यानं झकास, आणि उचललं.
मी लाल केली.
डोया फुटनात का तुन्हा, तो ओरडला.
त्याची आई रडायला लागली.
कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्ही तरी समजून घ्या.
मी तक्त्यात फाऊल लिहिलं,
त्याचं नाव शुद्ध लिहिलंय ना, पुन्हा पाहिलं.

साहेबांना दाखवावं म्हणून वळले.
निवृत्त माणूस, निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत,
मान एका खांद्यावर, तोंड उघडं,
खरोखरच झोपलेले.
टेप मांडीवरून घसरत होती.

पुढची फेक मोजायची होती.
मी टेप तेवढी उचलली.