मूठभर वळवळ

उत्तरशिवच्या शेडमध्ये साडेतीनशे बदकं
आणि पाणी म्हणजे नळीच्या टोकाला लोंबणारा थेंब.
दाणा दिवसभर समोर.
मग ती एकमेकांची पिसं उपटायची.

कुंदा मढवी, जनावरांच्या दवाखान्यातली,
दारातच चपला काढत म्हणाली,
पोट भरतंय यांचं. चोच उपाशी आहे.

तुर्भ्याच्या बाजारातला सडका फ्लॉवर,
निळ्या पिंपात अळ्या.
झाकण उघडलं की आत कुणी
हलक्या हाताने कागद चुरगळत असल्यासारखा आवाज.

पहिल्या दिवशी घमेल्यात पाणी घेतलं,
थोडा खाडीचा चिखल, वर एक मूठ सोडली.
बदकं मागे सरली, भिंतीला चिकटली.
मग एक लंगडं पुढे आलं,
डोळ्यांपर्यंत बुडालं, खळबळलं,
वर येऊन शेपूट झटकलं.
इतक्या महिन्यांत मला तेव्हा कळलं
बदकाला शेपूट असतं.

आता पहाटे माझं खोकणं ओळखतात.
कोपऱ्यातली पिसं मोजतो: आधी चाळीस, काल सहा.
कुंदा वहीत लिहून घेते.

वहीत नाही ते हे:
मूठ मिटली की अळी
बोटांच्या फटीतून वाट काढू बघते.
तिलाही कुठेतरी जायचं असतं.
मी हात लगेच उघडतो.
ताटकळत तरी ठेवत नाही.

शनिवारी वाशीच्या हॉटेलचा टेम्पो यायचा आहे.
लंगडंही यादीत आहे.
शुक्रवारी संध्याकाळी
दोन घमेली भरीन म्हणतो.