झुंज, पान चौदा

बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला
की हर्णैत आम्हाला सवड मिळते.
होड्या आंजर्ल्याच्या खाडीत अंगाला अंग लावून,
लिलावाच्या पुळणीवर नुसती कुत्री,
आणि बर्फाच्या फॅक्टरीत, हिशेबाच्या टेबलावर,
माझी वही बाजूला सारून
तेजल पुण्याहून आणलेला खोका उघडते.

एकमेकांविरुद्ध नाही खेळायचं, ती सांगते.
जिंकलो तर चौघं, बुडालो तर चौघं.
बेबीताई चोगले, जी लिलावात
सख्ख्या दिराला पाच रुपये सोडत नाही,
चष्मा पुसत विचारते : मग भांडायचं कुणाशी?
समुद्राशी.
हं. म्हणजे रोजचंच.

फेरीचे टप्पे चार.
पहाटेला पान उलटायचं, काय वाढून ठेवलंय ते बघायचं.
मग चाल : दोन घरं पुढे,
नाहीतर एक घर आणि तटाची एक डागडुजी.
मग झुंज. शेवटी भरती.
बेबीताईंनी पहिल्याच पहाटे फासा उचलला.
आत्ता नाही, ताई.
अगं, समोर उभा आहे की मेला!
उभा असू दे. अजून चाल संपली नाही.
त्या थांबल्या. फासा मुठीत.
मग स्वतःशीच म्हणाल्या, बरोबर आहे,
टोपली ओतल्याशिवाय बोली नाही,
आणि तिसरी हाक गेल्यावर
रडलं तरी मासळी दुसऱ्याची.
त्यानंतर त्या कधीच चुकल्या नाहीत.
आम्हीच चुकत होतो.

सातव्या फेरीत अडलो.
इब्राहीम होडेकरचा दिवेवाला बुरुजावर एकटा,
जिवाचे दोन बदाम शिल्लक.
समोर काळं गलबत, मार तीनचा.
दिवेवाल्याचाही वार तीनचा,
आणि गलबताचं बळ बरोब्बर तीन.
तर आधी कोण?
मी म्हटलं, गलबत चालून आलंय, मान त्याचा.
बेबीताई म्हणाल्या, तट आपला, हात आपला आधी.
तेजल इंग्रजी पुस्तकात बोट फिरवत होती,
पान बारा, पान चौदा,
बर्फ फोडायचं यंत्र भिंतीपलीकडे दात खात होतं.

सापडलं. तिनं सावकाश मराठी केलं :
झुंजीतले सगळे घाव एकाच वेळी.
मेलेले टप्पा संपल्यावर उचलायचे.
तोवर त्यांचा वार धरायचा.

म्हणजे मेलेला माणूस मारतो? मी विचारलं.
असलं जमाखर्चात बसत नाही.
आमच्याकडे आधी जमा, मग नावे,
एका ओळीत दोन्ही लिहिलं की ऑडिटवाला लाल करतो.

इब्राहीमनं डावा हात टेबलावर ठेवला.
तीन बोटांचा. रोज बघतो आम्ही, म्हणून बघत नाही.
विंचमध्ये दोरी गुंडाळत होती, तो म्हणाला,
पोऱ्याची बाही आत चाललेली.
माझी बोटं गेली ती याच हाताची,
आणि कळ बंद केली तीही याच हातानं.
डॉक्टरनं विचारलं, बोटं आधी गेली की कळ आधी?
मी काय सांगू?
एकच होतं ते.

कुणी काही बोललं नाही.
त्यानंच फासा टाकला. लागला.
गलबत आणि दिवेवाला दोघं जागेवर उभे,
आपण मेलोय हे माहीत नसल्यासारखे,
टप्पा संपेपर्यंत.
मग तेजलनं दोघांना उचलून
चहाच्या बशीत ठेवलं, शेजारी शेजारी.

पोऱ्या कुठे असतो रे आता?
बेबीताईंनी विचारलं.
दुबईत. लिफ्ट दुरुस्त करतो.
मग त्या हसायला लागल्या, का ते कळलं नाही,
मग आम्ही सगळेच.

आणि त्या हसण्यात, पान उलटून,
पुढची पहाट सुरू करून, चाली ठरवून,
बुरुजावर नवा माणूस पाठवून झाल्यावर
तेजलच्या लक्षात आलं :
मधला एक टप्पा राहिला.
कुणालाच आठवला नव्हता.
चार माणसं, तिघांचा जन्म हर्णैतला,
खिडकीबाहेर लाटा धक्क्यावर चढत होत्या,
आणि आम्ही भरती विसरलो होतो.