टिचकी

वेंगुर्ल्यात, उभादांड्याच्या वाटेवरच्या शेडमध्ये
सतरा मोसम मी झाकणांवर टिचकी मारते आहे.
काम तपासनिसाचं, पगारपत्रकावर मदतनीस.

शिकवलं इनास डिसोजानं.
बोट असं वाकवायचं, नखाची पाठ लावायची,
चमचा नको, काडी नको.
लागलेलं झाकण उंच वाजतं, टिंग,
रिकाम्या कळशीत खडा पडावा तसं.
न लागलेलं म्हणतं, ढप्.
“ह्यां नुसतां बसलाहा गो. लागूंक नाय.”
आणि बरणी बाजूच्या क्रेटमध्ये.

कढत आमरस ओतायचा, वर बोटभर जागा ठेवायची.
त्या जागेत वाफ शिरते, हवेला हुसकून लावते.
तेवढ्यात झाकण. पाव फेरा,
चार खाचा, हातमोज्यातूनही चटका.
मग फवाऱ्याखाली बरणी निवते, वाफेचे चार थेंब होतात,
आत जवळजवळ काहीच उरत नाही,
आणि झाकणाचा मधला ठिपका बेंबीसारखा आत ओढला जातो.
सांजेला यंत्रं थांबली की ऐकू येतं.
तीनशे बरण्या, कधी ही, कधी ती,
टक्. टक्. टक्-टक्.
नव्या पोरींना पाल वाटते. मी सांगत नाही.

मला वाटायचं, झाकण धरून ठेवतं.
इनास हसला. “झाकण काय धरतला?
भायली हवा दाबता त्येका.
सगळां आभाळ बसलाहा वर.”

सरबताच्या बाटल्यांचं वेगळं.
पत्र्याचं बूच, एकवीस दात, एकदा चावलं की चावलं.
पण आगळात मीठ, मीठ पत्र्याला खातं,
म्हणून आगळाला प्लास्टिकचं, आट्यांचं.
पहिल्यांदा पिळलं की कड् कड् तुटतं
आणि खालचं कडं बाटलीच्या गळ्यात राहतं.
गिऱ्हाईक ते कडं काढत नाही. का काढेल?
इनासच्या घरी फेणीला सोडणाचं बूच.
ते झिरपतं. तो म्हणायचा, झिरपू दे.

दोन वर्षांपूर्वी त्याला ऐकू येईनासं झालं.
त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
टिचकी मारायचा, मान हलवायचा, पूर्वीसारखीच,
फक्त अंगठा झाकणावर थोडा जास्त रेंगाळायचा,
ठिपका चाचपत.
अंगठ्याला बरंचसं कळतं. सगळं नाही.
मी पलीकडच्या पट्ट्यावर उभी,
माझ्या बरण्या आणि त्याच्याही ऐकत.
ढप् आलं की जेवणाच्या सुट्टीत
त्याच्या क्रेटमधली ती एक उचलायची.
असे दोन मोसम.

मग वैशाखात माझ्या भाचीचा साखरपुडा आला आरवलीला.
एक दिवस, फक्त एक दिवस.
महिन्याने निपाणीहून अकरा क्रेट परत आले,
झाकणं फुगलेली, पोळीसारखी,
उघडताना फस्स, आणि आंबूस वास
शेडच्या कौलांपर्यंत.

पडतेशेठनी आम्हा दोघांना टेबलासमोर उभं केलं.
तारीख शिक्क्यावर होतीच.
इनास त्यांच्या ओठांकडे बघत होता.
मी म्हटलं, वायसरचा दोष, शेठ.
रबर कडक आलं होतं त्या लॉटचं. मी बोलले होते.
बोलले नव्हते.
शेठनी झाकणवाल्याला फोन लावला, ओरडले,
त्याने पुढचा लॉट फुकट दिला.
रबर बरं होतं. त्याचंही आणि आधीचंही.

आता इनास घरी असतो.
ओटीवर बसून जाळ्याच्या गाठी बघतो, त्या न ऐकता कळतात.
परवा रेमेदीनबाय सुंगटांचं लोणचं घेऊन आली,
कॉफीच्या जुन्या बरणीत,
झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा,
वरून रबरबँड दोनदा गुंडाळलेला.
म्हणाली, त्येनाच बंद केल्यानी.

ती वळल्यावर मी टिचकी मारली.
सवय.
ढप्.

मग भात जास्तीचा टाकला,
शेजारच्या दोघींना हाक मारली,
आणि रात्रीच बरणी पुसून घेतली.