नाव दुकानाचं

ठेव इथे, इनेझ, पुठ्ठ्यावर. काउंटरची काच तडकलीय.
रिकामी आहे म्हणतेस? असू दे, तरी बघतो.
रिकाम्या बंदुकीवर भरवसा ठेवणारे दोघे माझ्या ओळखीचे,
त्यातला एक अजून लंगडतो.

हो, वाचलं मी. डाव्या अंगाला, वेलबुट्टीच्या मधोमध:
डकोटा मोनार्क.
या नावाचा कारखाना कधी कुठेच नव्हता.
नाव दुकानाचं.
खिळे, फाळ, कंदिलाच्या वाती विकणारा कुणी घाऊक व्यापारी
शंभर-शंभर नग मागवायचा,
म्हणायचा, आमचं नाव ठोका.
ते ठोकायचे. त्यांचं काय जात होतं?
तीच बंदूक पलीकडच्या गावात दुसऱ्या नावानं,
दीड डॉलर स्वस्त.

वडील सांगायचे, बेल्जियमची?
तशी असती तर इथे, नळ्यांच्या पोटाशी,
गव्हाच्या दाण्याएवढा शिक्का असता, वर मुकुट.
हे पोट कोरं आहे.
थांब, तेल सोडतो. घाई केली की गंज आकडाही घेऊन जातो.

बाहेर वारा. एलेव्हेटरचा पत्रा वाजतोय सकाळपासून.

आता बघ.
नळीवर आकडा, सांगाड्यावर तोच.
पण पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावर वेगळाच.
म्हणजे हा तुकडा दुसऱ्या कुठल्या बंदुकीचा,
कुणीतरी कानशीनं घासून बसवलेला.
वाईट नाही बसवला.
खटक्याची ही वळणदार शेपटी, हा स्क्रू असा आडवा—
कनेक्टिकट. नव्वद टक्के कनेक्टिकट.
साल? १९०८ म्हण. १९१५ म्हणालीस
तरी मी भांडणार नाही.
कारखान्याच्या वह्या असत्या तर
मी काय, कुणीही सांगितलं असतं.

इनेझ टॉर्गरसन हातमोजे काढत नाही.
म्हणते, बाबा आगगाडीनं आले होते न्यूयॉर्कहून,
पोरक्या पोरांच्या गाडीनं,
कोटाला टाचलेला एक नंबर घेऊन.
चर्चच्या पायरीवर उभं केलं होतं सगळ्यांना.
टॉर्गरसननी तोंड उघडायला लावून दात पाहिले, म्हणाले,
चार. फार तर पाच.
लायल हे नाव घरी येताना वाटेत ठेवलं, घोडागाडीत.
आधीचं होतंच की काहीतरी.

मी चिंधीनं तेच तेच लोखंड पुसत राहिलो.

सोळा गेजची आहे, इनेझ, आणि घर आखूड.
आजचं काडतूस आत जाईल,
पण फुटताना त्याला उलगडायला जागा नाही.
तितरांवर वगैरे नेऊ नकोस.
पोरांनाही सांग.

चिठ्ठी दे म्हणाली. दिली:
बनावट, बहुधा कनेक्टिकट. साल, अंदाजे.
तिनं चष्मा लावून वाचली, दोनदा.
"या 'बहुधा'चे किती?"
बहुधाचे काही नाही. तेलाचा एक डॉलर.

मग बंदूक मिटली तिनं, स्वतःच, सवयीच्या हातानं,
आणि सांधा ढिला असूनही
आवाज आला पक्का,
रात्री उशिरा घरी आलेल्यानं
कुणी जागं होऊ नये म्हणून
हळूच ओढलेल्या दारासारखा.