ऊर्फ

मॉन्ट्रियलहून भाची विचारते, मामा, आपण कुठले?
तिच्या सासरी अकरा पिढ्या तोंडपाठ,
मूळपुरुष कोणत्या जहाजातून उतरला, तेसुद्धा.
आडनावं दोन: एक चर्चचं, एक पलटणीत पडलेलं.

मी रावेर तहसिलीत. कोतवाल बुक,
पानं पापडासारखी; उलटताना श्वास धरायचा.
मोडी वाचायला यावलचे डिगंबर अप्पा,
पानाला वीस रुपये, चहा वेगळा.

कागदावर आम्ही सगळेच पाटील.
त्याखाली फेगडे. त्याच्याही खाली
अप्पांचं बोट थांबतं:
‘तोताराम वल्द हिरामण ऊर्फ बहिरा.’

बहिरा? कानाने, की
कारकुनाने नाव विचारलं तेव्हा
मुद्दामच ऐकू आलं नाही त्याला?

पुढची ओळ: ‘तोतारामास मुलगी झाली.’
नाव नाही.
तिसऱ्या महिन्यात ‘मुलगी मयत, ताप.’
तेव्हाही नाही.

अप्पा चष्मा पुसतात. या पानाचे वीस घेत नाहीत.

भाचीला लिहिलं: जहाज सापडलं नाही.
पावागडाकडून गाड्या जुंपून आलो, म्हणतात.
आणि तुझी एक पणजआत्या आहे,
तीन महिन्यांची.
तुमच्याकडे दोन-दोन नावं असतात ना,
एखादं शिल्लक असेल तर कळव.