संथ पाण्यातला वेग

प्रश्न सातवा. एक नाव तीस किलोमीटर अंतर
प्रवाहाच्या दिशेने दोन तासांत कापते,
उलट दिशेने तीन.
तर नावेचा संथ पाण्यातला वेग किती?

मी फळ्यावर क्ष लिहिला, शेजारी य.
सुलक्षाने वही उघडलीच नाही.
"टीचर, भरतीला की सुकतीला?"

दुर्भाटच्या धक्क्यावर वाढलेली पोर.
बाप, खुशाली, फेरीबोटीचं सुकाणू धरतो.
तिच्या दारातली जुवारी दिवसातून दोनदा
उलटी, डोंगराकडे वाहते,
अष्टमीच्या भांगाला सुस्त पडते,
अमावास्येला धक्क्याच्या तीन पायऱ्या गिळते.
"पुस्तकात तिथी दिलेली नाही,"
छापताना राहून गेलं असावं,
अशा सुरात ती म्हणाली.

मी म्हटलं, धर की नदी एकमार्गी आहे.
धर की तिला समुद्र ठाऊक नाही.

मग तिने झरझर मांडलं:
क्ष अधिक य पंधरा,
क्ष उणे य दहा.
बेरीज केली की नदी गळते,
वजाबाकी केली की नाव.
साडेबारा. अडीच.
लाल पेनाने मी बरोबरची खूण केली
आणि पेन तिथेच टेकून राहिलं.

जाऊन-येऊन साठ किलोमीटर, पाच तास.
सरासरी बाराच पडते.
वरचा अर्धा गेला कुठे?
नदी जाताना हातावर ठेवते
ते येताना व्याजासकट काढून घेते.

मला पुण्याला जायला एक रात्र लागली होती,
कदंबची बस, मांडीवर फणसाच्या साठांची पिशवी.
परत यायला अकरा वर्षं.
अंतर तेवढंच.
य काढायच्या भानगडीत मी पडलेले नाही.

"संथ पाणी असतं पण, टीचर,"
दप्तर भरता भरता सुलक्षा म्हणाली,
"भरती सरते नि सुकती लागायची असते, तेव्हा.
बाबा विडी पेटवतो.
विडी संपली की तेही संपतं."

शेवटच्या फेरीने मी पलीकडे निघाले.
सुकती लागलेली. खुशालीने बोटीचं नाक
रासईच्या धक्क्यावर धरलंच नाही,
पार वर, खारफुटीत गंजत पडलेल्या
एका बार्जवर रोखलं,
जिथे आमच्यापैकी कुणालाच उतरायचं नव्हतं.
पाणी खाली रेटत होतं,
बोट तिरकी, तिरकी सरकत
नेमकी उताराला लागली.
फळी आपटली. स्कूटरी सुरू झाल्या.
मासळीवालीने टोपली डोक्यावर घेतली,
सुटे पैसे मोजत.